चार दिवसांची रजा

९ जानेवारी

मॅडम,

तुमचं पाकीट मिळालं. डाव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ‘तुरुंगातून सुटलेल्यांसाठी रोजगार केंद्र’ असं छापलेलं होतं. आमचा पोस्टमन वीस वर्षं रोज हसतो, तो त्या दिवशी हसला नाही. तेव्हा पहिली विनंती अशी की पुढच्या वेळी साधं पाकीट वापरा. दुसरी अशी की आमच्या समोरच्या दुकानात फोन आहे, त्याचा नंबर तुम्हाला कुठून मिळालाच तर त्यावर फोन करू नका. इथे सगळ्यांना आम्ही सांगितलंय की माझा धाकटा भाऊ लांब नोकरीला असतो. अकरा वर्षं सांगतोय. आता तुम्ही म्हणता की तो खरंच लांब नोकरीला लागलाय, म्हणजे गंमतच म्हणायची.

तुमच्या फॉर्ममध्ये विचारलंय, ‘कुटुंब संपर्क ठेवण्यास तयार आहे का? होय, नाही, सांगता येत नाही.’ मी तिन्हींवर खूण केली आणि मग फॉर्म फाडून टाकला. त्याऐवजी हे पत्र.

घरात मी आणि बाबा. बाबा शिंपी आहेत, वय त्र्याहत्तर, पुढच्या खोलीतच दुकान. मी काज-बटणं आणि तुरपाई करते. माझं लग्न ठरलं होतं, ते अकरा वर्षांपूर्वी मोडलं. कारण तुमच्या फाईलमध्ये असेलच. भांडणात एक माणूस मेला, कोर्टाने शिक्षा दिली, ती भोगून झाली. त्यावर मी आता नवीन काही बोलणार नाही. सात वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा त्याला कळवलं होतं. तो आला नाही. अशा वेळी सोडतात, हे मला माहीत आहे, मी चौकशी केली होती. एवढं मात्र फाईलमध्ये लिहून ठेवा.

मी उत्तर पाठवलंय हे त्याला सांगू नका. नीट जेवतो का, तेवढं कळवा. नाही कळवलंत तरी चालेल.

बारक्याची ताई
(हे नाव घरातलं. तो चांगला ताडमाड आहे.)

*

२० जानेवारी

ताई,

पाकीट साधं आहे, बघा. पत्ताही माझ्या हाताने लिहिलाय.

जेवतो. पण इतका भराभर जेवतो की बघणाऱ्याला ठसका लागावा. हळूहळू सुटेल ती सवय.

माझं काम काय, ते सांगते. सुटून आलेल्या माणसाला काम मिळवून देणं हे चार आण्यांचं काम, ते टिकवायला मदत करणं बारा आण्यांचं. माझ्याकडे असे चौतीस जण आहेत. तुमचा भाऊ एका मोठ्या धुलाई कारखान्यात लागलाय. इस्पितळांच्या चादरी, गाऊन, टॉवेल तिथे येतात. तो इस्त्रीच्या रोलरवर असतो. तो कुठून आलाय हे फक्त तिथल्या सुपरवायझरना माहीत आहे, बरोबरच्यांना नाही.

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगू? कपडे बदलायच्या खोलीसमोर तो वीस मिनिटं उभा राहिला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्यांना वाटलं बाहेर कोणी नाही, आणि याला वाटलं उघडतील तेव्हा उघडतील. अकरा वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने एकही दार उघडलेलं नाही, ताई. मग आम्ही माझ्या ऑफिसात सराव केला. तो बाहेर जायचा, दार लोटायचा, आत यायचा. सातव्या खेपेला आम्ही दोघंही हसलो. तो हसताना डोळे पूर्ण मिटतो.

कारखाना बघताना एकाच गोष्टीपाशी तो ओळखीचं माणूस भेटावं तसा थांबला. हजेरीच्या घड्याळाखाली एक लाकडी पेटी आहे, कामगारांच्या सूचनांसाठी. म्हणाला, “ही आमच्याकडे पण होती.”

प्रत्येकाकडून मी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी घोकून घेते. पहिले सहा महिने एकही खाडा नाही. रजा लागलीच तर लेखी मागायची आणि होकार आल्याशिवाय जागा सोडायची नाही. कोणी खोचक बोललं तर पाणी प्यायला जायचं. मधली गोष्ट एका स्वयंपाक्यामुळे आली. तोंडी सांगून गेला बिचारा, परत आला तर ‘कोणाला विचारून गेलास?’ म्हणून त्याला काढून टाकलं. तेव्हापासून मी लेखीवर अडून बसते.

तुमच्या भावाने तिन्ही गोष्टी एका दमात म्हणून दाखवल्या. असा विद्यार्थी मला आजवर मिळालेला नाही.

केंद्रातली बाई

*

११ फेब्रुवारी

बाई,

तुम्ही सहीत ‘बाई’ लिहिलंत, म्हणून मीही बाईच म्हणते.

तुमचं पत्र मी मशीनच्या खणात ठेवलं होतं. परवा बाबांना दोरा हवा होता, त्यांनी खण उघडला. मी आतून बघत होते. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, घडी केली, होतं तसं ठेवलं आणि दोरा न घेताच खण बंद केला. संध्याकाळी मला म्हणाले, “वीस मिनिटं उभा होता म्हणे.”

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून त्याच्याबद्दल निघालेलं हे पहिलं वाक्य.

आता एक चोरटं काम सांगते. बाबांनी या अकरा वर्षांत पुरुषाचा शर्ट शिवलेला नाही. पडदे, उशांचे अभ्रे, मुलींचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, काहीही शिवतील. शर्टाचं कापड घेऊन कोणी आलं की सांगतात, डोळ्यांना दिसत नाही. दिसतं चांगलं. काल त्यांनी कपाटातून निळसर राखाडी कापड काढलं आणि मला म्हणाले, “मापं लागतील. जुनी चालणार नाहीत, तेव्हा पोरगेला होता.” तेव्हा छाती, खांदा, बाही, गळा आणि लांबी कळवा. त्याला कळू देऊ नका. आणि टेप ओढून धरू नका, शर्ट तंग होतो.

ताई

*

२४ फेब्रुवारी

ताई,

मापं अशी: छाती चाळीस, खांदा साडेअठरा, बाही पंचवीस, गळा साडेपंधरा, लांबी तीस. पोट नाहीच, ते तुमच्याकडे आला की करा.

‘कारखान्याच्या गणवेशासाठी मापं हवीत’ असं खोटं सांगितलं. मी टेप घेऊन उठले, तर तो आपणहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पाय फाकवून, दोन्ही तळवे भिंतीला लावून. झडतीला उभा करतात तसा. मी म्हटलं, “अरे बाबा, इकडे वळ, नुसती मापं घ्यायचीत.” वळला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. मी खांद्याचं माप दोनदा घेतलं. पहिल्यांदा टेपवरचे आकडेच दिसेनात.

साठ दिवस झाले. एकही खाडा नाही. सुपरवायझर म्हणतात, असे चार मिळाले तर कारखाना झोपेत चालेल. त्याला मी विचारलं, घरी पत्र का लिहीत नाहीस? म्हणाला, “परत येतात.” तेवढंच. मी पुढे विचारलं नाही.

केंद्रातली बाई

*

१८ मार्च

बाई,

पत्रं बाबांनीच परत पाठवली. पहिल्या दोन वर्षांत आठ आली. न उघडता आठही परत. मला वाटायचं, राग. मीही त्यांचीच री ओढली. आई मात्र प्रत्येक पाकीट परत देण्याआधी हातात घेऊन बसायची.

आता खरं कारण कळलं, ते सांगते. बाबा आजारी आहेत. फुप्फुसात पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, आता महिन्यांचा हिशोब करू नका. बाबा पडल्या पडल्या बोलतात, आधी कधी बोलले नाहीत तेवढं.

खटल्यात त्यांची साक्ष झाली होती. रक्ताचा शर्ट समोर धरून वकिलाने विचारलं, “ही शिलाई तुमची?” भांडणात तिथे कोण कोण होतं, याचाच सगळा वाद होता. बाबांनी शर्ट उलटा करून कॉलरची आतली बाजू बघितली. ते तिथे तीन टाके आडवे घालतात, दुसरा कोणी शिंपी घालत नाही. म्हणाले, “हो, माझी.” खोटं बोलायला एक क्षण पुरला असता, असं आता म्हणतात. “मी माझ्या हातच्या शिलाईला नाही म्हणू शकलो नाही. आणि मग पोराचं पत्र कोणत्या तोंडाने उघडू?”

म्हणजे राग नव्हताच, बाई. शरम होती. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत समोरासमोर बसून शिवत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

शर्ट जवळजवळ झालाय. बसून, पडून, पुन्हा बसून शिवलाय. काज तेवढी राहिलीत. मी करते म्हटलं तर हात बाजूला सारला. “खुणा केल्यात खडूने. अंगावर घालून बघू दे, मग कर. जरा इकडेतिकडे झालं तर छातीपाशी ओढेल.”

त्याला बोलावतात. “ये म्हणावं,” एवढंच म्हणाले. बस सोळा तासांची आहे, सकाळी साडेसहाला चौकात येते. त्याला लगेच पाठवा. शिक्षा संपलीय, आता कोणाची परवानगी लागत नाही, असं तुमच्या त्या पहिल्या छापील पाकिटातच लिहिलेलं होतं ना?

ताई

*

२३ मार्च

ताई,

काल तो कामावरून सुटल्यावर त्याला ऑफिसात बोलावलं आणि सगळं सांगितलं. शर्टाचं तेवढं सांगितलं नाही, ते बाबांनीच दाखवावं. साक्षीचंही नाही, ते बाबांनीच बोलावं.

तो टेबलाची कड पकडून बसला. मग विचारलं, “बोलावलंय? नाव घेऊन?” मी म्हटलं, हो. नाव घेतलं होतं का, मला माहीत नाही, ताई, पण मी हो म्हटलं. उठताना खुर्ची आत सरकवली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा आत सरकवली. म्हणाला, “आजच अर्ज करतो.” मी त्याला कागद आणि पेन दिलं. चार दिवस माग म्हटलं, जाण्यायेण्यातच दोन जातात.

या आठवड्यात पोचेल. सकाळच्या बसवर लक्ष ठेवा.

केंद्रातली बाई

*

४ एप्रिल

बाई,

सत्तावीस तारखेपासून रोज सकाळी साडेसहाला चौकात जाते. नऊ दिवस झाले. बस रिकामी होते, मग ड्रायव्हर उतरून चहा प्यायला जातो, मग मी घरी येते. आता ड्रायव्हर लांबूनच मान हलवून ‘नाही’ सांगतो.

बाबांनी खाट फिरवून घेतली. तोंड दाराकडे. मला दार लावू देत नाहीत, नुसतं लोटून ठेव म्हणतात. “लावलेलं दिसलं तर उभा राहील तो.”

लावलेलं काय आणि उघडं काय, दारापर्यंत आला तर ना! त्याला विचारा, काय ठरवलंय? आईच्या वेळी आला नाही, आता बापाच्या वेळीही यायचं नसेल तर तसं सांगून टाक म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला दाराकडे बघत ठेवायचं म्हणजे क्रूरपणा आहे. मी त्याची थोरली बहीण आहे, मला हे बोलायचा हक्क आहे.

ताई

*

९ एप्रिल

ताई,

हे पत्र लिहायला मी तीनदा बसले.

त्याला विचारलं. म्हणाला, “अर्ज केलाय. उत्तर नाही आलं अजून. परत केलाय.” मला शंका आली. कामाच्या ठिकाणी फोन करायचा नाही असा माझा नियम आहे, उगाच चर्चा होते. पण काल नियम मोडला. सुपरवायझरना म्हटलं, आमच्या माणसाने रजा मागितलीय का? ते म्हणाले, “छे, तो कसली रजा मागतो! माझ्याकडे कोणी आलेलं नाही.”

म्हणजे त्याने मागितलीच नाही.

मी हे पूर्वीही पाहिलंय. घरी जायची वेळ आली की भलीभली माणसं कच खातात. एक जण स्टेशनवरून परत आला होता. तोंड दाखवण्यापेक्षा अर्ज केल्याचं खोटं सांगणं सोपं वाटतं. मी त्याला तोंडावर खोटं पाडलं नाही. असं खोटं पकडलं की ही माणसं आतून मोडतात, आणि मग कामही सुटतं. ते काम मोठ्या कष्टाने उभं राहिलंय. त्याला थोडा वेळ द्या. मनाची तयारी झाली की येईल.

बाबांना काही तरी सांगा. बस बंद आहे म्हणा.

केंद्रातली बाई

*

१७ एप्रिल

बाई,

बाबा चौदा तारखेला सकाळी गेले. दाराकडे तोंड होतं.

बस बंद आहे, हे मी सांगितलं होतं. ते म्हणाले, “मग चालत निघाला असेल.”

त्याला सांगा, आता रजेचा त्रास घेऊ नको. शर्ट मी ट्रंकेत टाकलाय. मला यापुढे पत्र पाठवू नका.

*

२ मे

ताई,

नका म्हणालात, तरी लिहिते. हे वाचून मग फाडा.

तुमचं पत्र एकवीसला मिळालं. त्याच दिवशी त्याला सांगितलं. तो “बरं” म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला आणि विचारलं, “जाऊ?” मी जा म्हटलं. दुसऱ्या दिवशी कामावर हजर. माझ्या वहीत मी लिहिलं, ‘भावना दाखवत नाही.’ ती वही आता उघडवत नाही.

परवा सुपरवायझरचा फोन आला. घड्याळाखालच्या सूचनापेटीची किल्ली मुख्य ऑफिसात असते. चार महिन्यांतून एकदा मॅनेजर येतात आणि पेटी उघडतात. पेटीत एक तक्रार पंख्याबद्दल होती आणि चार अर्ज तुमच्या भावाचे.

पहिल्या दिवशी कारखाना दाखवताना सुपरवायझर सहज म्हणाले होते, “काही लेखी असेल तर इथे टाकायचं.” मी शेजारी उभी होते. मानही डोलावली. सगळे कामगार रजा तोंडी मागतात, किंवा चिठ्ठी सुपरवायझरच्या हातात ठेवतात. त्या पेटीत कोणी रजा मागेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? पण तुरुंगात असंच असतं, ताई. अर्ज पेटीत टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची. कोणाला विचारायचं नाही. विचारलं तर अर्ज मागे पडतो. आणि त्यावर माझी घोकंपट्टी होतीच, ‘होकार आल्याशिवाय जागा सोडायची नाही.’

त्याची जुनी फाईल मी कालच पहिल्यांदा पूर्ण वाचली. आई गेल्या तेव्हाही त्याने त्याच दिवशी अर्ज केला होता. मंजुरी आली. एकोणीस दिवसांनी.

चारही अर्ज मी माझ्या हाताने उतरवून पाठवते आहे.

‘२२ मार्च. मा. सुपरवायझर साहेब. विषय: रजा मिळणेबाबत. माझे वडील आजारी असून त्यांनी मला बोलावले आहे. तरी चार दिवस रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती. माझी वर्तणूक चांगली आहे. हजेरी क्र. ६१.’

‘३० मार्च. मा. साहेब. दि. २२ च्या अर्जाची आठवण करून देतो. चार दिवस अडचणीचे असल्यास तीन चालतील. दोन जाण्यायेण्याचे, एक तिथे. परत आल्यावर रविवारी जादा काम करीन. हजेरी क्र. ६१.’

‘८ एप्रिल. मा. साहेब. दोन दिवस मिळाले तरी पुरे. एक माझ्या बुधवारच्या सुट्टीचा धरावा, म्हणजे कारखान्याचा एकच दिवस जाईल. तिथे एक तास थांबून त्याच दिवशीच्या बसने परत फिरेन. वडिलांनी नाव घेऊन बोलावले आहे. हजेरी क्र. ६१.’

‘२२ एप्रिल. मा. साहेब. माझे वडील दि. १४ रोजी वारले. आता घाई नाही. कारखान्याच्या सोयीने चार दिवस रजा मिळावी. हजेरी क्र. ६१.’

सुपरवायझर फोनवर रडत होते. रजा ताबडतोब मंजूर झाली. पुढच्या शनिवारच्या बसचं तिकीट मी स्वतः काढलंय.

तो खोटं बोलला नव्हता, मी त्याला खोटा ठरवला. त्याच्या तोंडावर एकदा जरी म्हटलं असतं, ‘तू अर्ज केलेला नाहीस,’ तरी तो म्हणाला असता, ‘केलाय, पेटीत टाकलाय.’ तेवढ्याने काम झालं असतं. मी समजूतदारपणा दाखवला. माझ्या समजूतदारपणाने तुमच्या बाबांना दाराकडे बघत ठेवलं. माफी मागायचं माझं तोंड नाही.

केंद्रातली बाई

*

१४ मे

बाई,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस तुम्हाला शिव्यांची लाखोली वाहिली. कापायला घेतलेल्या कापडावर बोलत होते, तोंडाने, मोठ्याने. तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानाकडे लक्ष गेलं. फोन तिथे गेली अकरा वर्षं टांगलाय. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात. बाबा खाटेवर असताना एकदा ती वीस पावलं चालून मी तुम्हाला किंवा कारखान्यात फोन केला असता, ‘माझा बाप मरतोय, माझ्या भावाला सोडा’ असं चारचौघांसमोर ओरडले असते, तर दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये असता. मी लोक काय म्हणतील ते सांभाळत बसले. तेव्हा तुमचं तोंड नाही तर माझंही नाही.

आणि आईच्या वेळचं. एकोणीस दिवस. सात वर्षं मी त्याला मनात शिव्या दिल्या.

तो रविवारी आला. बस साडेसहाला येते हे मला माहीत होतं, पण चौकात गेले नाही. घरात ओटा पुसत बसले. सात वाजले, साडेसात वाजले. म्हटलं, आजही नाही. पावणेआठला कुंडीला पाणी घालायला दार ओढलं तर समोर उभा. हातात कापडी पिशवी, केस करडे झालेले. शेजारीण नंतर म्हणाली, “एक तास उभा होता गं, मला वाटलं गिऱ्हाईक आहे.” दार नुसतं लोटलेलं होतं, बाई. बाबा गेल्यावरही मी ते लावत नाही, सवय झालीय. त्याला म्हटलं, “अरे, उघडंच होतं की!” म्हणाला, “हो. दिसत होतं.”

मग, “ताई, आत येऊ?” म्हटलं, ये. आत येऊन भिंतीपाशी उभा. “बसू?” म्हटलं, बस रे. “पाणी घेऊ?” मी त्याला चिडून म्हटलं, “हे तुझं घर आहे, मला काय विचारतोस!” तर इतका घाबरला की पेला उचललाच नाही. मग मीच भरून दिला.

साक्षीचं सांगितलं. तीन आडव्या टाक्यांचं. बाबांनी पत्रं का परत पाठवली, ते सांगितलं. तो म्हणाला, “मला माहीत होतं. मी समोरच होतो ना. त्यांनी कॉलर उलटवली तेव्हाच मला कळलं, हे आता खरं बोलणार. आठही पत्रांत मी तेच लिहिलं होतं, की बाबा, तुमचं काही चुकलं नाही.”

आठही पत्रांत, बाई. एक जरी उघडलं असतं!

ट्रंकेतून शर्ट काढून दिला. त्याने घातला. खांद्यावर असा बसला की जणू बाबांनी समोर उभं करून कापलाय. डावी बाही अर्धा इंच कमी पडली. बाबांचा हात चुकत नव्हता, तेव्हा तुमची टेप तपासून घ्या. कॉलर उलटवून त्याने बोट फिरवलं. तीन टाके आहेत, तिसरा वाकडा गेलाय. पुढची पट्टी हाताने धरून उभा होता, कारण काज नाहीत, बटणं कशात घालणार? मी सुई-दोरा घेतला, म्हटलं, आण इकडे, अर्ध्या तासात करते. त्याने शर्ट काढला आणि दिला नाही. पट्टीवर खडूच्या सहा खुणा आहेत. त्यातल्या चार अजून स्पष्ट दिसतात. म्हणाला, “काज केलंस की खूण जाईल.”

मंगळवारच्या बसने तो परत गेला. बुधवारची सुट्टी धरून गुरुवारी कामावर, म्हणजे चार दिवसांतला एकही जास्त घेतला नाही. त्याला पत्र लिहिणार आहे, पत्ता कळवा. त्याची नोकरी सांभाळा. पेटी तिथून काढायला लावा, किंवा तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा की यात रजा मागू नये. आणि यापुढे मला केंद्राच्या पाकिटातूनच पत्र पाठवा. छापलेल्या. पोस्टमनला मी सांगितलंय, माझा भाऊ सुटून आलाय.

एक राहिलं. ते तुम्हालाच सांगू शकते, कारण तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त कळलाय. शर्टाची घडी त्याच्या मांडीवर होती. तो बाबांच्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसला होता. मी तुरपाईचं काम हातात घेतलं होतं, उगाच. मग मान वर न करता त्याने हळूच विचारलं, “ताई, रडलं तर चालेल?”

मी टाका अर्धाच सोडला, बाई. सुई हातातच राहिली. आणि मी हो म्हणेपर्यंत तो थांबला.

ताई